कासवाचं गाऱ्हाणं

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर आमचं घर. वारा एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जाताना आमच्या पडवीतूनच जायचा आणि बोललेलं निम्मं सोबत घेऊन जायचा. त्यामुळे आई पाहुण्यांना जेवायला हाक मारायची ती खाडीपलीकडच्या माणसानं ताटावर बसावं इतक्या जोरात. मागच्या तीन खोल्या पर्यटकांना दिलेल्या होत्या. सकाळी घावन्यांच्या तव्याचा चर्र आवाज, दिवसभर पर्यटकांच्या बोटींची घरघर, दुपारी खोबरं वाटणारा मिक्सर आणि तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास, जो आवाजासारखाच घरभर फिरायचा. पुण्याचे पाहुणे पहिल्या दिवशी विचारायचे, तुमच्याकडे भांडण चाललंय का? दुसऱ्या दिवशी तेही तेवढ्याच आवाजात सोलकढी मागायला लागायचे.

या सगळ्या गोंगाटात बाबांचा आवाज वेगळा होता. ते ओरडत नसत. त्यांचा आवाज भरदार, संथ, आणि त्याला कसलीही घाई नसायची. म्हणूनच आसपास कोणी काही नवीन सुरू केलं, होडी असो, स्कूटर असो की कोणाच्या अंगणातली विहीर, की गाऱ्हाणं घालायला बाबांना बोलावणं यायचं. ज्यांनी आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नारळ फोडण्याआधी एक जण देवापुढे उभा राहून, या कामात काय काय हवं आणि काय काय टळावं, ते मोठ्यानं मागतो. प्रत्येक मागणं 'रे म्हाराजा' म्हणून संपतं, आणि जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. खरं सांगायचं तर मधलं मागणं फारसं कोणी ऐकत नाही. शेजारच्याशी गप्पा चालू असतात, पोरं नारळाकडे बघत असतात, पण 'रे म्हाराजा' कानावर पडलं की तोंडातून उत्तर निघतंच. ते आमच्या हाडात आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं ते त्या हाडामुळेच घडलं.

मी तेव्हा मालवणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि जगात मला दोनच गोष्टी येत होत्या, पाहुण्यांना वाढणं आणि रोमन लढणं. त्या खेळाचं खरं नाव मोठं लांबलचक होतं, आम्ही त्याला नुसतं 'रोमन' म्हणायचो. कॉम्प्युटरवर आपापल्या घरी बसून शेकडो माणसं एकाच मैदानावर उतरत. एकेका माणसाचा एकेक शिपाई, हातात भली मोठी चौकोनी ढाल. एकट्यादुकट्या शिपायाला तिथे काडीची किंमत नव्हती. किंमत होती ती रचनेला. अशा रचनांतली आमची लाडकी म्हणजे कासव. पुढच्या रांगेनं ढाली समोर धरायच्या, मागच्यांनी डोक्यावर धरायच्या, आणि सगळ्यांनी एकदम एकेक पाऊल टाकत पुढे जायचं. ढालीला ढाल चिकटलेली असेल तोवर आत बाण शिरणं अशक्य. पण एक जण जरी अर्धं पाऊल पुढे किंवा मागे राहिला की तिथे फट पडते, आणि मग त्या फटीतून बाण, भाले, घोडे, सगळं आत येतं.

माझे नातू आता विचारतात, आजी, त्यात एवढं काय होतं, कळच तर दाबायची. मी त्यांना म्हणते, वीस जणांना एकाच वेळी एक कळ दाबायला लावून दाखवा, मग बोलू. अजून कोणी दाखवलेलं नाही.

आमची तुकडी सगळी मालवणची होती. बहुतेक माझ्याबरोबर शिकलेले, त्यातले अर्धे तोवर नोकऱ्यांसाठी गोव्याला, मुंबईला पांगलेले. आणि सगळ्यांत लांब गेला होता सॅव्हियो, मस्कतला, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. शाळेत सात वर्षं माझ्या बाकावर बसलेला हा पोरगा. बाजारामागे त्याचं घर, त्याच्या आईच्या हातचा नाताळचा बेबिंका खाऊनच मी मोठी झाले. माझ्या हेडफोनचा माइक तुटला होता म्हणून मी बाबांच्या भजनीमंडळाचा जुना माइक कॉम्प्युटरला जोडला होता. तो इतका तिखट कानाचा होता की आमच्या घरातलं सगळं तुकडीला ऐकू जायचं. कुकरची शिट्टी झाली की लढाई चालू असतानाही मस्कतहून सॅव्हियो विचारायचा, "अगो, काय शिजता आज?" आणि मी काय शिजतंय ते सांगितलं की खोबरं भाजून घातलंय की कच्चं, तेही विचारायचा. आठवड्यातले तेवढेच दोन तास तो घरी असायचा, हे न सांगता मला कळत होतं.

मी तुकडीची म्होरकी कशी झाले याचं कारण सरळ आहे, माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. पण मोठ्या आवाजानं पावलं जुळेनात. 'चला' म्हटलं की कोणी लगेच चालायचं, कोणी जरा वेळानं, कोणाला ऐकूच जायचं नाही. तेव्हा मला गाऱ्हाणं सुचलं. मी म्हटलं, मी हुकूम देईन आणि शेवटी 'रे म्हाराजा' म्हणेन, तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचं आणि म्हणता म्हणता पाऊल टाकायचं. आधी सगळे हसले. सॅव्हियो म्हणाला, आमच्या लदीनीत, क्रुसापुढच्या प्रार्थनेत, पण असंच असतं, एक जण म्हणतो आणि सगळे उत्तर देतात, आणि आमची तर लॅटिनमध्ये, म्हणजे खऱ्या रोमनांच्या भाषेत. पण लदीनीची चाल लांबते आणि तेवढ्यात घोडे येतील, म्हणून गाऱ्हाणंच ठरलं. "ढाली वर कर रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "एक पाऊल डावीकडे रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." आई दारातून बघायची आणि कपाळाला हात लावायची. एकदा तिनं मला सांगितलं, तुझ्या त्या रोमनांका सांग, आता कुकर लावतंय, शिट्टीक घाबरू नकात.

जमलं, पण पुरतं नाही. फट पडायचीच, आणि दर वेळी एकाच ठिकाणी. सॅव्हियोचं नेट रडत असायचं. माझा हुकूम त्याला उशिरा पोचायचा आणि त्याचं 'व्हय म्हाराजा' सगळ्यांच्या मागून, एकटंच, लंगडत यायचं. तोवर बाकीचे पाऊल टाकून मोकळे. लढाई तापली की मी आणखी भराभर बोलायची आणि तो आणखी मागे पडायचा.

आमची तुकडी ज्या मोठ्या सैन्यात होती त्याचे सेनापती नागपूरचे एक दातांचे डॉक्टर होते. माणूस चांगला, पण रविवारी ढाल हातात आली की कोणाचा नसे. त्यांनी मला वेगळं बोलावून सांगितलं की पुढच्या रविवारी मोठी लढाई आहे, डावी बाजू तुमच्याकडे देतो, पण ही शेवटची संधी. पुन्हा फट पडली तर तो मस्कतवाला बाहेर, त्याच्या जागी मी नागपूरचा पोरगा देईन. मी हे सॅव्हियोला सांगणार नव्हते, पण त्याला कुठून तरी कळलं. त्यानं फोन केला. म्हणाला, "माका काढ गो. माका वायट वाटाचा नाय." मग विचारलं की घरी आज काय केलंय. मी म्हटलं, तिसऱ्यांचं सुकं. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. मला इतका राग आला होता, डॉक्टरांचा, त्याच्या नेटचा, त्याला इतक्या लांब नेणाऱ्या नोकरीचा, की त्या आठवड्यात पाहुण्यांच्या ताटात मी भात आपटून वाढला.

रविवारी सकाळी शेजारच्या सदूकाकांची नवी होडी पाण्यात सोडायची होती, पर्यटकांना त्सुनामी बेटाकडे न्यायला घेतलेली. होडी आमच्याच मागच्या अंगणाला लागून, खाडीच्या कडेला उभी होती, झेंडूच्या माळा घालून. गाऱ्हाणं अर्थातच बाबांचं. पण मालवणहून इंजीन घेऊन निघालेला टेम्पो वाटेत बंद पडला आणि सकाळची भरती हुकली. आता संध्याकाळची धरायची. संध्याकाळची भरती म्हणजे नेमकी माझ्या लढाईची वेळ, आणि जागा नेमकी माझ्या खिडकीखाली. ती खिडकी लागतच नसे, कारण नेटची वायर तिच्यातूनच आत आली होती. जेवताना मी बाबांपुढे सगळं ओकून टाकलं, सॅव्हियोचं, डॉक्टरांचं, फटीचं, आणि म्हटलं, गाऱ्हाणं जरा उशिरा घाला. त्यांनी भातावर तिखलं ओतून घेत शांतपणे ऐकलं. म्हणाले, "भरती काय माझ्या सांगण्यान थांबतली? तुझी लढाई घरातच मां? मग लढ."

लढाई सुरू झाली. समोर लांबलचक उतार, खाली नदीचा उथळ पाणवठा, पलीकडे शत्रूचे तिरंदाज आणि त्यांच्या मागे घोडेस्वार. डॉक्टरांचा हुकूम स्पष्ट होता, डाव्या बाजूनं टेकडी सोडायची नाही. पहिला बाण आला आणि मी हुकूम द्यायला लागले. दोन हुकूम नीट गेले. तिसऱ्याला माझा श्वास वाढला, चौथ्याला मी कोणाच्या उत्तराची वाटच पाहिली नाही. ढाली एकमेकींवर आपटायला लागल्या, आमचा एक जण पडला, मग दुसरा. सॅव्हियोच्या जागी ती ओळखीची फट उघडायला लागलेली मला दिसली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि घसाच बसला. आवाज येईना. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरातल्या एका माणसाचा आवाज येईना.

आणि त्याच क्षणी खिडकीतून, भजनीमंडळाच्या माइकमधून, वीस जणांच्या कानात बाबा बोलले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या सदून नवी होडी घेतल्यान, ती पाण्यात सोडूचो दिस इलो, तर होडीक आणि होडीवाल्याक सांभाळ रे म्हाराजा."

अंगणातून आवाज आला, व्हय म्हाराजा. आणि मुंबईहून, गोव्याहून, मालवणातून आमच्या सगळ्या शिपायांनी तेच म्हटलं, आणि म्हणता म्हणता एक पाऊल पुढे टाकलं. कोणी विचार केला नाही. करायचा नसतोच. नंतर एकेकाला विचारलं तर प्रत्येक जण म्हणाला, आधी तोंडातून निघून गेलं, मग कळलं. मी घाबरून थांबा थांबा असं खरखरत राहिले, पण ते कोणाला ऐकू जाणार? बाबांनी दुसरं मागणं मागितलं, दर्यावर जाताना वाट दाखव आणि येताना घर दाखव, आणि कासव टेकडीवरून आणखी एक पाऊल खाली उतरलं. डॉक्टर किंचाळत होते, डावी बाजू, कुठं चालले बे तुम्ही?

तेव्हा मला दिसलं. रांग सरळ होती. इतकी सरळ ती कधीच झाली नव्हती. फट नव्हती, सॅव्हियोच्या जागीसुद्धा नव्हती. बाबा प्रत्येक मागण्यानंतर थांबत होते. अंगणात सदूकाकांची म्हातारी आई खुर्चीवर बसलेली असणार, कमी ऐकू येणारी, सगळ्यांचं म्हणून झालं की मग एकटीच व्हय म्हणणारी. तिचं उत्तर आल्याशिवाय बाबा पुढचा शब्द काढत नसत. लहानपणापासून मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि मला वाटायचं ते दम घेतात. म्हातारीचं 'व्हय म्हाराजा' खिडकीतून यायचं आणि जवळपास त्याच क्षणी मस्कतहून सॅव्हियोचं, आणि पुढचं मागणं सुरू व्हायच्या आत त्याची ढाल रांगेत येऊन बसायची.

मला डॉक्टरांचा हुकूम पाळायचा होता की ही रांग सांभाळायची होती? फार विचार करायला वेळ नव्हता. मी उठले, वायर ओढत माइक खिडकीच्या चौकटीवर नेऊन ठेवला, त्याचं तोंड अंगणाकडे केलं आणि परत येऊन माझ्या शिपायाची ढाल शेजारच्याला चिकटवली.

त्या उतरणीचा आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो. वर ढालींचं छप्पर, त्यावर बाण टपटपत होते, पत्र्यावर सुपाऱ्या पडाव्यात तसे, आणि एकही आत येत नव्हता. बाबा इंजिनासाठी मागत होते, पंख्याला जाळं अडकू नये म्हणून मागत होते. "पर्यटक होडयेत उभे रवतत, त्येंका बसाची बुद्धी दी रे म्हाराजा," असं त्यांनी मागितलं तेव्हा आमचे निम्मे शिपाई हसत होते आणि हसत हसतच व्हय म्हणून पाऊल टाकत होते. आमचं कासव पाणवठ्यात उतरलं. समोरच्या तिरंदाजांना काय करावं ते कळेना, बाण लागत नाहीत आणि ही ढालींची भिंत थांबत नाही. आधी दोघे पळाले, मग सगळी ओळ पळाली.  मी मोठमोठ्यानं हसत होते, बसलेल्या घशानं.

पण गाऱ्हाणं कधीतरी संपणारच होतं. पलीकडच्या काठावर घोडेस्वार वळताना दिसले, थेट आमच्याकडे. आणि बाबांचा आवाज शेवटाकडे आला की कसा खाली उतरतो ते मला माहीत होतं. तो उतरला. मी नारळ फुटण्याची वाट पाहत होते. तो फुटला नाही. बाबा जरा थांबले आणि म्हणाले, "आणि आमचा चेडू थंय आत खंयची ती लढाई लढता. माका त्यातला काय कळना नाय. पण तिचो एकय माणूस मागे रवाक नको, आणि तिका यश दी रे म्हाराजा."

अंगणानं म्हटलं, तुकडीनं म्हटलं. मग म्हातारीनं. मग सॅव्हियोनं, आणि त्याचा आवाज फुटलेला होता. मी म्हटलं की नाही ते मला आठवत नाही, मला समोरचं नीट दिसतही नव्हतं. मग नारळ फुटला आणि खिडकीबाहेर एकच कालवा झाला, कारण होडी ढकलायला सगळे धावले.

मी माइक परत ओढून घेतला. घोडे पाण्यात शिरले होते. घशात जेवढा आवाज उरला होता तेवढ्यानं, हळू, मी म्हटलं, "ढाली जमिनीवर टेक रे म्हाराजा." सगळ्यांचं उत्तर आलं आणि मी गप्प बसले. घोडे वाढत चालले होते. मी गप्पच बसले. मस्कतहून 'व्हय म्हाराजा' आलं, शेवटची ढाल टेकली, आणि घोडे त्या भिंतीवर येऊन असे फुटले की आमच्या कानात फक्त आमचंच ओरडणं उरलं. दुसऱ्या हुकमालाही मी तशीच थांबले. तिसऱ्यालाही. डावी बाजू मोकळी झाल्यावर डॉक्टरांनी सगळं सैन्य खाली आणलं, आणि दिवेलागणीपर्यंत मैदान आमचं झालं होतं.

डॉक्टरांनी मला पुन्हा वेगळं बोलावलं. मग त्यांनी विचारलं, त्या काकांना पुढच्या रविवारी वेळ आहे का? मी म्हटलं, होड्या रोज नसतात. ते म्हणाले, बरं, मग तुम्हीच बोला, आणि तो मस्कतवाला आहे तिथेच राहू द्या.

मी अंगणात गेले तेव्हा होडी खाडीत डुलत होती आणि बाबा गुडघाभर ओले होऊन खोबऱ्याचे तुकडे वाटत होते. त्यांनी एक माझ्या हातावर ठेवला. "झाली काय गो लढाई?" मी मान हलवली. बोलायला आवाजच नव्हता. "आणि मस्कतवालो?" मी पुन्हा मान हलवली, आणि मग मला रडू आलं ते भर अंगणात, सगळ्या गावासमोर. बाबा म्हणाले, रड, रड, पण खोबरं खा, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तो खेळ कधीच बंद पडला. मैदान, टेकडी, पाणवठा, काहीच उरलेलं नाही. बाबाही नाहीत. त्यांच्यानंतर पहिली होडी उतरायची होती तेव्हा सदूकाकांचा मुलगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. बाईनं गाऱ्हाणं घालू नये असं आमच्याकडे कोणी कधी म्हटलं नव्हतं, पण कोणी घातलंही नव्हतं. मी पदर खोचला आणि गेले. आता आसपासच्या बहुतेक होड्यांना मीच जाते. जाताना फोन बरोबर नेते आणि नारळाशेजारी उताणा ठेवते. सॅव्हियो अजून तिकडेच आहे, थकलाय, नातवंडांत रमलाय, पण माझं एकही गाऱ्हाणं चुकवत नाही. मी मागणं मागते, अंगण उत्तर देतं, नवी पोरं नारळाकडे बघत चुळबुळतात, त्यांना वाटतं म्हातारी दम घेते आहे. फोनमधून त्याचं 'व्हय म्हाराजा' येईपर्यंत मी थांबते.